कावीळ आणि पित्तनलिकेचा निचरा : चुंबकीय प्रतिमांचे मार्गदर्शन

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात एखादे आरोग्यविषयक व्याख्यान असावे अशी संयोजकांची इच्छा होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे नेहमीचे विषय सुचविण्यात आले. त्या विषयांची माहिती येथे ब्रिटनमध्ये आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातील पत्रकांतूनही मिळते. म्हणून मी थोडा अपरिचित विषय निवडला आहे. पित्तनलिकेत अडथळा आल्यामुळे कावीळ होते, तेव्हा पोट न उघडता पित्ताचा निचरा कसा केला जातो, आणि त्या कामी एम.आर.आय. यंत्राने काढलेल्या प्रतिमा वाटाड्याचे काम कसे करतात, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारण आहे. असा प्रसंग आपल्या घरांत येतो तो बहुधा वयोवृद्ध आईवडिलांवर येतो. ते पुष्कळदा नागपूर, अमरावती, औरंगाबाद किंवा मुंबईस असतात, आणि निर्णय मात्र येथे बसून दूरध्वनीवरून घ्यावा लागतो. समोरचे डॉक्टर "नळी घालावी लागेल" असे सांगतात. कोणती नळी, कोठे, कशासाठी आणि त्यापूर्वी काय पाहिले, हे विचारण्याइतकी माहिती आपल्याजवळ नसते. ती माहिती आपणांस व्हावी एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. आपल्या बोलण्यात 'पित्त झाले' म्हणजे आंबट ढेकर, मळमळ आणि छातीतील जळजळ. ते जठरातील आम्ल होय. वैद्यकशास्त्र ज्याला पित्त म्हणते, तो यकृताने तयार केलेला हिरवट-पिवळा द्रव आहे. प्रौढ माणसाचे यकृत दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृतभर पसरलेल्या बारीक नलिकांतून ते गोळा होते. जसे ओढे मिळून नाले आणि नाले मिळून नदी व्हावी, तशा या नलिका एकमेकींस मिळत जातात. यकृताच्या उजव्या भागाची एक मोठी नलिका आणि डाव्या भागाची दुसरी, या दोन्ही यकृताच्या दाराशी एकत्र येतात. तेथून निघणारी मुख्य पित्तनलिका सामान्यतः सुमारे सहा मिलिमीटर रुंदीची असते. वाटेत तिला पित्ताशयाची नळी मिळते. पुढे ती स्वादुपिंडाच्या डोक्यामधून जाऊन लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडते.

कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. जुन्या लाल रक्तपेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. म्हणून डोळे पिवळे होण्याची कारणे तीन प्रकारची असू शकतात. रक्तपेशी प्रमाणाबाहेर मोडत असतील. यकृत स्वतःच आजारी असेल, जसे विषाणूजन्य काविळीत होते. अथवा यकृत आपले काम करीत असूनही पुढची वाट बंद झाली असेल. तिसऱ्या प्रकारात लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिकट होतो आणि अंगाला असह्य खाज सुटते. नलिकेत उतरलेला पित्तखडा, नलिकेचा, पित्ताशयाचा अथवा स्वादुपिंडाचा कर्करोग, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आकसलेली नलिका, ही त्याची मुख्य कारणे होत.

आपल्या गावांत कावीळ 'उतरविणारे' लोक आजही आहेत. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवितो, कोणी नाकात औषधाचे थेंब टाकतो, तर कोणी डाग देतो. यांच्यावर लोकांचा विश्वास का बसतो, याचे कारण समजून घेतले पाहिजे. विषाणूजन्य काविळींपैकी आपल्याकडे सर्रास आढळणारे प्रकार बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. श्रेय मात्र माळेला जाते. तीच माळ पुढे पित्तनलिका बंद झालेल्या वृद्धाच्या गळ्यात पडते. त्या काविळीला आपोआप ओसरण्याचे काही कारण नसते, आणि तीन-चार आठवडे हातचे जातात. उतारवयात पोट न दुखता, हळूहळू वाढत जाणारी कावीळ ही कर्करोगाची पहिली खूण असू शकते. अशा वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढता येण्याजोगी असेल तर तो काळ फार मोलाचा असतो. तेव्हा भारतातून दूरध्वनीवर "बाबांना कावीळ झाली आहे, औषध आणले आहे" असे कानी आले, तर प्रथम रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घेण्यास सांगावे. नलिका फुगलेल्या आहेत की नाहीत, म्हणजेच वाट तुंबली आहे की नाही, हे सोनोग्राफी बहुधा सांगते. ती कोठे आणि कशाने तुंबली, हे मात्र तिला प्रत्येक वेळी सांगता येत नाही. यापुढचे काम चुंबकीय प्रतिमांचे आहे.

या प्रतिमा येण्यापूर्वी नलिका स्पष्ट पाहण्याचा मुख्य मार्ग वेगळा होता. तिच्यात शिरून क्ष-किरणांत दिसणारे औषध भरावयाचे आणि मग छायाचित्र घ्यावयाचे. यकृतात कातडीतून सुई घालून असे चित्र मिळविण्याचा प्रयत्न १९३७ साली हनोई येथे हुआर्ड आणि दो शुआन हॉप यांनी नोंदविला. १९६८ साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेच्या मुखात बारीक नळी घातली. १९७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी त्या मुखाचा स्नायू दुर्बिणीतूनच कापून खडे बाहेर काढण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर काही वर्षांतच हँबर्ग येथे सोहेंद्र यांनी दुर्बिणीतून नलिकेत प्लॅस्टिकची नळी बसविली. जी शस्त्रक्रिया पूर्वी पोट फाडून करावी लागे, ती आता गुंगी देऊन तासाभरात होऊ लागली. या पद्धतीला ई.आर.सी.पी. म्हणतात.

ही प्रगती मोठी होती. परंतु पाहण्यासाठी आत शिरावे लागणे ही तिची उणीव होती. ई.आर.सी.पी. केलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते दहा जणांना स्वादुपिंडदाह होतो. तो बहुतेकांना सौम्य असतो, काहींना गंभीर होतो, आणि क्वचित प्राणावरही बेततो. याशिवाय रक्तस्राव, आतड्याला छिद्र आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. केवळ निदानासाठी एवढी जोखीम पत्करणे योग्य नव्हते. तथापि तितका खात्रीचा दुसरा उपाय उपलब्ध नव्हता.

तो उपाय चुंबकाने दिला. आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा आहे, आणि पाण्यात हायड्रोजन आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ती पूर्वस्थितीस येताना स्वतः सूक्ष्म संकेत देतात. त्या संकेतांपासून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नसतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या पद्धतीने प्रसिद्ध केलेले पहिले चित्र कशाचे होते, तर पाण्याने भरलेल्या दोन बारीक काचनळ्यांचे. पुढे लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याच्या दोन नळ्यांपासून सुरू झालेले हे शास्त्र अठरा वर्षांनी पित्ताच्या नळ्यांपाशी पोहोचले. १९९१ साली जर्मनीतील वॉलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई, दुर्बीण अथवा औषध यांपैकी काहीही न वापरता पित्तनलिकांच्या चुंबकीय प्रतिमा प्रसिद्ध केल्या. या तपासणीस आज एम.आर.सी.पी. म्हणतात.

तिची युक्ती अशी आहे. घन अवयवांतून येणारा संकेत लवकर विझतो. साठलेल्या द्रवातून येणारा संकेत बराच वेळ टिकतो. यंत्राने मुद्दाम उशिरा कान दिला, तर यकृत, स्नायू आणि चरबी यांचे आवाज विरलेले असतात आणि केवळ पित्तासारखा संथ द्रव ऐकू येतो. वाहते रक्तही या चित्रात दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पित्तनलिकांचा शुभ्र वृक्ष तेवढा उभा राहतो. खडा त्यात काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. गाठीने नलिका आवळली असेल तेथे फांदी अचानक तुटलेली दिसते. जठरातील पाणीही पांढरे दिसून चित्र झाकते, म्हणून काही ठिकाणी तपासणीपूर्वी अननसाचा रस पाजतात. त्यातील मँगनीजमुळे जठरातील द्रवाची चकाकी मावळते. या तपासणीलाही मर्यादा आहेत. पाच मिलिमीटरहून लहान खडे तिच्या नजरेतून निसटू शकतात. आणि ती केवळ पाहते. खडा काढणे किंवा नळी बसविणे तिला शक्य नाही. एम.आर.सी.पी. आणि ई.आर.सी.पी. या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिली तपासणी आहे आणि दुसरी उपचारक्रिया आहे, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुख्य नलिकेच्या खालच्या टोकाला अडथळा असेल, तर निचऱ्याचे काम तुलनेने सोपे असते; एक नळी बसविली की संपूर्ण यकृत मोकळे होते. अडथळा वर, यकृताच्या दाराशी, म्हणजे उजव्या आणि डाव्या नलिकांच्या संगमावर असेल, तर प्रश्न बिकट होतो. येथील गाठींचे सविस्तर वर्णन येल विद्यापीठाचे जेराल्ड क्लाटस्किन यांनी १९६५ साली केले, म्हणून त्यांना क्लाटस्किनच्या गाठी म्हणतात. उत्तर भारतात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील अधिक प्रमाणांपैकी आहे, आणि तो कर्करोगही पसरत याच संगमाला आवळतो. फ्रान्समधील शल्यविशारद बिस्मथ यांनी १९७५ साली अशा अडथळ्यांचे चार प्रकार केले. पहिल्यात संगम शाबूत असतो. दुसऱ्यात उजवी व डावी बाजू एकमेकींपासून तुटतात. तिसऱ्यात एका बाजूच्या आतील फाट्यांपर्यंत आणि चौथ्यात दोन्ही बाजूंच्या फाट्यांपर्यंत गाठ पोहोचते. चौथ्या प्रकारात यकृताचे अनेक स्वतंत्र कप्पे झालेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात पित्त कोंडलेले असते.

अशा रुग्णात पूर्वीच्या पद्धतीने नलिकांत औषध भरले की ते वाट मिळेल त्या कप्प्यात शिरत असे. त्याबरोबर आतड्यातील जंतूही जात. नंतर नळी मात्र एखाद्याच कप्प्यात बसे. उरलेल्या कप्प्यांत औषध आणि जंतू कोंडले जाऊन तीव्र पित्तनलिकादाह होई. टोरोंटो येथील डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवात ही गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांच्या दोन्ही बाजूंत औषध भरले गेले परंतु एकाच बाजूचा निचरा झाला, ते रुग्ण सर्वांत कमी काळ जगले. म्हणजे अंधारात चाचपडण्याची किंमत रुग्णाला द्यावी लागत होती.

यावर उपाय असा निघाला की, प्रथम चुंबकीय प्रतिमांतून संपूर्ण वृक्ष पाहून घ्यावा, कोणती फांदी मोकळी करावयाची हे आधीच ठरवावे, आणि मग दुर्बिणीतून बारीक तार थेट त्याच फांदीत नेऊन, तेवढ्याच फांदीत औषध भरून, तेथेच स्टेंट बसवावा. इतर फांद्यांना हातही लावू नये. बर्लिनच्या डॉक्टरांनी २००१ साली आणि मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी २००३ साली या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्णांची कावीळ एकाच बाजूच्या निचऱ्याने उतरली आणि पित्तनलिकादाहाचे प्रमाण अल्प राहिले.

कोणती फांदी निवडावी, याचाही हिशेब प्रतिमाच पुरवितात. यकृताचा उजवा भाग एकूण आकारमानाच्या साधारण ५५ ते ६० टक्के असतो आणि डावा ३० ते ३५ टक्के. एखाद्या बाजूची रक्तवाहिनी गाठीने बंद केली असेल तर ती बाजू वाळून जाते. तिचा निचरा करून काही साधत नाही, उलट संसर्गाला दार उघडते. २०१० साली फ्रान्समधील एका अभ्यासाने दाखविले की, यकृताच्या आकारमानाच्या निम्म्याहून अधिक भागाचा निचरा झाला तर कावीळ उतरण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यामुळे कधी एक नळी पुरते, कधी दोन लागतात. नळ्या किती घालावयाच्या हा निर्णय चित्र पाहून, मोजमाप करून घेतला पाहिजे.

दुर्बिणीने वर पोहोचता येत नसेल, तर दुसरा मार्ग बरगड्यांमधून आहे. त्या जागेपुरती भूल देऊन कातडीतून सुई यकृतात नेतात, फुगलेल्या नलिकेत तार आणि तारेवरून नळी सरकवितात. सुई सोनोग्राफीच्या आणि क्ष-किरणांच्या नजरेखाली नेली जाते. पण कोणत्या नलिकेत शिरावयाचे हे येथेही आधीच्या चुंबकीय प्रतिमा सांगतात. २००१ साली मार्सेय येथे जिओव्हानिनी यांनी तिसरा मार्ग दाखविला. त्यात दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफीच्या साहाय्याने आतड्याच्या भिंतीतून सरळ नलिकेत शिरतात.

सुई घालतानाच एम.आर.आय. यंत्रात पाहता येईल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. बोस्टन येथे १९९४ साली मधोमध मोकळी जागा असलेले, डॉक्टरांना आत उभे राहता येईल असे चुंबकयंत्र बसविण्यात आले, तेव्हापासून या दिशेने प्रयत्न झाले आहेत. परंतु सुई, तार आणि प्रत्येक साधन चुंबकाने न ओढल्या जाणाऱ्या पदार्थाचे लागते, चित्र तयार होण्यास वेळ लागतो, आणि श्वासाबरोबर यकृत वर-खाली सरकत असते. म्हणून पित्ताच्या निचऱ्यासाठी आज रूढ असलेला मार्ग म्हणजे आधी चुंबकाने नकाशा काढणे आणि नंतर त्या नकाशाच्या आधारे दुर्बिणीने किंवा सुईने काम करणे हाच होय.

नकाशा आधी का हवा, याचे आणखी एक कारण आहे. एकदा नळी बसली की फुगलेल्या नलिका आक्रसतात, नळीमुळे आसपास सूज येते, आणि गाठ नेमकी कोठवर पोहोचली आहे हे नंतर नीट दिसत नाही. घाईने बसविलेली नळी पुढील शस्त्रक्रियेचा निर्णय अवघड करून ठेवते. शिवाय प्रत्येक रुग्णाला नळीची गरज असतेच असे नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगामुळे मध्यम कावीळ झालेल्या सुमारे २०० रुग्णांचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. आधी नळी घालून काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया केलेल्यांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ७४ टक्के होते. लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांत ते ३९ टक्के होते. अर्थात हे लवकर शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्यांविषयी झाले. कावीळ फार तीव्र असेल, शस्त्रक्रियेस विलंब असेल, किंवा आधी औषधोपचार द्यावयाचे असतील, तेथे निचरा आवश्यक ठरतो.

या सर्व विवेचनाला एक अपवाद आहे, आणि तो मी मुद्दाम स्वतंत्रपणे सांगतो. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या बाजूस वेदना असतील, तर तो पित्तनलिकादाह समजावा. फ्रान्सचे शार्को यांनी १८७७ साली ही तीन लक्षणे एकत्र मांडली. त्यात रक्तदाब उतरला किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर कोंडलेला पू बाहेर काढणे हेच तातडीचे काम असते. अशा वेळी नकाशासाठी थांबून राहू नये. रुग्णाला त्वरित मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता आपल्या समाजाशी निकटचा संबंध असलेली एक गोष्ट. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, हे आपणांपैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सामान्य लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. त्यामुळे बिलिरुबिन सतत अधिक तयार होते आणि त्याचे काळसर खडे पित्ताशयात जमतात, तेही शाळकरी वयापासून. म्हणून अशा मुलाचे डोळे पिवळे दिसले की घरचे म्हणतात, "त्याचे डोळे नेहमीच पिवळे असतात." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पिवळेपणा एकाएकी वाढला, लघवी गडद झाली, पोटात उजवीकडे दुखू लागले, तर खडा नलिकेत उतरला असण्याची शक्यता असते. पेशी अधिक मोडणे, यकृतातच पेशी अडकणे आणि खड्याने वाट बंद होणे, या तिन्हींत कावीळ सारखीच दिसते; उपचार मात्र वेगळे आहेत. येथे एम.आर.सी.पी.चा उपयोग फार मोठा आहे. खडा नसेल तर दुर्बिणीची जोखीम टळते; असेल तर ती घेण्यास आधार मिळतो. अशा रुग्णाने आपल्याला सिकलसेल आहे हे तपासणीच्या आधीच सांगावे. उपाशी राहावयाचे तास वाढले तर शरीर कोरडे पडते, आणि यंत्राची खोली थंड असते. या दोन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. पाणी केव्हापर्यंत प्यावे हे विचारून घ्यावे आणि पांघरूण मागण्यास संकोच करू नये. जे केवळ वाहक आहेत, त्यांना या खड्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

तपासणीच्या वेळी काय होते, तेही थोडक्यात सांगतो. काही तास उपाशी राहावे लागते. रुग्णाला बोगद्यासारख्या यंत्रात पाठीवर निजवितात. ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो, म्हणून कानांवर आवरण देतात. मधूनमधून श्वास रोखण्यास सांगतात; ही सूचना वृद्ध आईला इंग्रजीत समजणार नसेल तर आधी मराठीत समजावून ठेवावी. श्वास हलला की चित्र हलते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, पिना सर्व बाहेर काढावे. हृदयाचा पेसमेकर, मेंदूतील धमनीवरील चिमटा, कानातील रोपण किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण असेल तर अवश्य सांगावे. यंत्राचा चुंबक अहोरात्र चालू असतो. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा यातूनच मृत्यू झाला. तेव्हा कर्मचाऱ्याने सांगितल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नये.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांसाठी दोन सूचना विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली, भारतात झालेल्या तपासणीचा केवळ लेखी अहवाल पुरेसा नसतो. मूळ प्रतिमांची तबकडी किंवा संगणकीय प्रत मागून घ्यावी. येथील शल्यविशारदाला सल्ला विचारावयाचा असेल तर त्याला अहवालापेक्षा चित्र पाहावयाचे असते. दुसरी, बसविलेल्या नळीची नोंद ठेवावी. प्लॅस्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत गाळाने बंद होऊ लागते आणि ती काढावी किंवा बदलावी लागते. धातूची जाळीदार नळी अधिक काळ टिकते, पण तीही कायमची नव्हे. सुटीत भारतात गेले असता खड्यासाठी नळी बसवून घ्यावी, बरे वाटताच परत यावे आणि नळी विसरून जावी, असे घडू शकते. मग काही महिन्यांनी ताप आणि कावीळ घेऊन रुग्ण येथील रुग्णालयात येतो, आणि आत नळी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. बसविल्याची तारीख, नळीचा प्रकार आणि ती बदलण्याची तारीख एका कागदावर लिहून तो पारपत्राबरोबर ठेवावा.

शेवटी संमतीपत्राविषयी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मॉन्टगोमेरी खटल्यात असा निर्णय दिला की, रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले धोके आणि उपलब्ध असलेले इतर पर्याय डॉक्टरांनी त्याला सांगितलेच पाहिजेत. म्हणजे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नसून आपला हक्क आहे. आपल्या मागच्या पिढीला डॉक्टरांपुढे मान खाली घालून अंगठा उठविण्याची सवय होती. ती सवय आपण पुढे चालविण्याचे कारण नाही. रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर रुग्णालयाकडून दुभाषी मागावा. शाळेत जाणाऱ्या नातवंडावर आजीच्या कर्करोगाची बातमी भाषांतरित करण्याची वेळ आणू नये.

येथे असो वा भारतात, सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. अडथळा कोठे आहे आणि कशाचा आहे? नळी घालण्याआधी एम.आर.सी.पी. किंवा तत्सम प्रतिमा काढल्या आहेत काय, आणि नसल्यास का नाही? गाठ शस्त्रक्रियेने काढता येईल काय, हे शल्यविशारदाने पाहिले आहे काय? यकृताच्या कोणत्या भागाचा निचरा होणार आहे आणि तेवढा पुरेसा आहे काय? नळी कोणत्या प्रकारची आणि ती केव्हा बदलावी लागेल? ताप आल्यास रात्री-अपरात्री कोणाकडे जावयाचे? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावतील असे समजू नये. चांगल्या डॉक्टराने ते स्वतःला आधीच विचारलेले असतात, आणि उत्तरे द्यावयास त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

हे व्याख्यान स्मरणिकेत छापले जाणार आहे असे संयोजकांनी सांगितले. तसे झाल्यास हे प्रश्न असलेले पान कापून घरच्या वैद्यकीय कागदपत्रांत ठेवावे, आणि त्याची एक प्रत भारतातील भावंडांना पाठवावी, एवढी विनंती करतो.